जागा धरायची तार

कार्ड पिवळ्या पुठ्ठ्याचं आहे. वर शाईनं लिहिलंय: कु. आचल किशोर निंभोरकर, वय ८, राहणार मोर्शी. नंतर कोणीतरी ‘मोर्शी’ खोडून ‘अकोला’ केलंय. खाली चार रकाने: तारीख, दात, काय केले, पुढील तारीख. रकाने अरुंद आहेत. जे त्यांत मावलं नाही ते खाली दिलं आहे.

१

*तारीख: २१ ऑगस्ट. दात: खालची डावी, दुधाची पहिली दाढ. काय केले: काढली. पुढील तारीख: ४ सप्टेंबर.*

अमरावतीच्या त्या दवाखान्यात बाकावर तिघं बसले होते. मधे आचल, एका बाजूला चंदा, एका बाजूला किशोर. आचलचा गाल सुजलेला होता. दाढ इतकी किडली होती की डॉक्टर मॅडमनी आरसा आत घातला आणि लगेच बाहेर काढला.

“ही वाचत नाही. काढावी लागेल.”

“दुधाचीच हाय ना,” किशोर म्हणाला. “तशीही पडनारच होती.”

“पडणार होती, पण दोन वर्षांनी. आज नाही.”

सुई टोचताना आचलनं एका हातानं आईच्या बांगड्या धरल्या आणि दुसऱ्या हातानं बापाचा अंगठा. दाढ निघाली तेव्हा एक बांगडी फुटलेली होती. मॅडमच्या हाताखालच्या, पिकल्या मिशांच्या देवमनभाऊंनी दाढ कापसात गुंडाळून आचलच्या मुठीत दिली.

“घे वं माय. तुही इस्टेट.”

घरी आल्यावर तिघं बागेत गेले. घराला स्लॅब आहे, त्यावर दात टाकून उपयोग नाही, असं आचलचं मत होतं. दात पत्र्यावरच टाकायचा असतो. म्हणून विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीवर टाकायचं ठरलं. आचलला तोंड उघडता येत नव्हतं, म्हणून ‘उंदीरमामा, माझा दात घे, तुझा दात दे’ हे चंदानं म्हटलं. आचलनं दात फेकला. पत्रा टण्ण वाजला.

“किडका दात घेते काय उंदीर?” कापूस चावत आचलनं विचारलं.

“उंदराले काय,” चंदा म्हणाली, “थो तं तुह्या बाबाचे ठिबकचे पाइप खाते.”

त्यावर तिघंही हसले. याची नोंद कुठेच नाही.

२

*तारीख: ४ सप्टेंबर. दात: तोच. काय केले: तार बसवली. पुढील तारीख: ४ डिसेंबर.*

मागच्या दाढेला चांदीच्या रंगाचं कडं, आणि कड्यातून निघालेला तारेचा छोटा फास, पुढच्या सुळ्याला टेकलेला. मधे मोकळी जागा. मॅडम म्हणाल्या, याला स्पेस मेंटेनर म्हणतात.

“दात लवकर गेला की मागची दाढ पुढे सरकते. मग खालून पक्का दात येतो तेव्हा त्याला जागाच उरत नाही. तो वाकडा येतो, नाहीतर आतच अडकतो.”

चंदानं मान डोलावली. किशोर घड्याळ पाहत होता. बागेत वीज तीनला येणार होती. त्याला समजलं नाही असं देवमनभाऊंना वाटलं.

“एसटीत खिडकीतून रुमाल टाकतो नाई का आपन? जागा धरतो. तसं. जागा धरायची तार हाय ही.”

“अन् ज्याची जागा थो आला की?” चंदानं विचारलं.

“रुमाल उचलायचा,” देवमनभाऊ म्हणाले.

“लगेच उचलायचा,” मॅडमनी पुस्ती जोडली. “उशीर झाला तर हीच तार त्याला आडवी येते. दर तीन महिन्यांनी दाखवा. चिक्की बंद, च्युइंगगम बंद, चिंचेच्या गोळ्या बंद. चिकट खाल्लं की कडं निघतं.”

परतीच्या बसमध्ये आचल झोपली. चंदा खिडकीबाहेर पाहत होती. मोर्शी जवळ आल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी संत्र्याच्या बागा सुरू झाल्या.

“दिवसभर झाडं अन् तुमी,” ती म्हणाली. “त्यातल्या त्यात झाडं तरी सळसळ करतात.”

किशोरला वाटलं ती गंमत करते आहे.

३

*तारीख: ४ डिसेंबर. दात: —. काय केले: आले नाहीत. पुढील तारीख: —.*



४

*तारीख: ११ फेब्रुवारी. दात: तोच. काय केले: तपासले, ठीक. पुढील तारीख: १२ मे.*

वरची जागा मोकळी आहे. ती नंतर भरेल. इथे एवढंच की चंदा दिवाळीत भाऊबीजेला अकोल्याला भावाकडे गेली ती आलीच नाही. जठारपेठेत एका मॅचिंग सेंटरमध्ये तिला काम लागलं. आचलचं नाव तिथल्या शाळेत घातलं. घरातल्या चार माणसांची बैठक झाली आणि त्यांनी ठरवलं: पोरगी मायजवळ राहील, बाप येऊन भेटत जाईल.

बाप दोनदा गेला. चंदाचे भाऊ उत्तमराव चौथ्या मजल्यावर राहतात. हॉलमध्ये सोफा आहे, समोर टीव्ही. पहिल्या वेळी किशोर पंचवीस मिनिटं बसला, दुसऱ्या वेळी पंधरा. आचल शेजारी बसून वहीला कव्हर घालत होती. चहा आला. चहा संपला. उत्तमराव म्हणाले, “अजून काही काम होतं काय?”

काम काहीच नव्हतं. किशोर उठला.

कामाशिवाय कोणाच्या घरी जाऊन बसणं त्याला माहीत नव्हतं. कलमं पाहायला तो गेला होता, मोटार दाखवायला, मजूर सांगायला, लग्नाची पत्रिका द्यायला. नुसतं ‘आलो’ म्हणून तो आयुष्यात कुठे गेला नव्हता. तिसऱ्या खेपेला काय काम सांगायचं, या विचारात जानेवारी गेला.

मग कपाटात कार्ड सापडलं.

“तारेची तपासनी हाय,” त्यानं फोनवर सांगितलं. “अमरावतीले न्या लागते तिले.”

उत्तमरावांनी फोन चंदाच्या हातातून घेतला. “काहो जवाई, अकोल्यात दाताचे डॉक्टर नाहीत काय? का आमच्या इकडच्या लोकाइले दातंच नाहीत?”

“ज्यानं बसवली त्यानंच पाहावं लागते. डॉक्टरनं सांगितलं.”

डॉक्टरनं असं काही सांगितलं नव्हतं.

मोर्शी ते अमरावती एक बस. अमरावती ते अकोला दुसरी. तिथून आचलला घेऊन पुन्हा अमरावती, तिसरी. दवाखाना. पुन्हा अकोला, चौथी. तिला सोडून अमरावती, पाचवी. अमरावती ते मोर्शी, सहावी. सहा बस. त्यांतल्या दोनांत आचल.

त्या दोन बसमध्ये किशोर बोलायला शिकला. मूर्तिजापूरला बस थांबली की आलूबोंडा घ्यायचा, दोघांत एक, आचलनं तारेच्या बाजूनं चावायचं नाही. तिनं शाळेतल्या बाईंची नक्कल करायची. त्यानं सांगायचं की कुत्रीला चार पिल्लं झाली, की कोपऱ्यातल्या झाडाला यंदा एकच संत्रं लागलं पण नारळाएवढं.

“नारळायेवढं? फेकू नका बाबा.”

“आई शप्पत.”

“आनायचं मंग.”

“फुटलं थे.”

ती इतकी हसली की पुढच्या सीटवरच्या बाईनं वळून पाहिलं. तोंड उघडं होतं तेव्हा त्याला दिसलं: डाव्या बाजूला, खाली, चमकणारी तार, आणि तिच्या आत गुलाबी मोकळी जागा.

बदनेऱ्यापासून तो उरलेले थांबे मोजायचा. तिला आणताना नाही, अकोल्याला सोडायला जाताना.

५

*१२ मे. तपासले, ठीक.*

*३ जुलै. तार निघाली. पुन्हा बसवली.*

*२८ ऑगस्ट. तार निघाली. पुन्हा बसवली.*

*२७ नोव्हेंबर. तपासले, ठीक.*

*१५ जानेवारी. तार निघाली. पुन्हा बसवली. खाण्याबाबत सूचना दिल्या.*

फोन आचल स्वतः करायची. “बाबा, मेंटेनर निघालं.”

“दुखते काय?”

“नाई. हातात हाय.”

“उद्या येतो.”

जानेवारीत मॅडम वैतागल्या. “तिसऱ्यांदा? चिक्की खातेस का गं?” आचलनं मान हलवली, नाही म्हणून. मॅडमनी किशोरकडे पाहिलं. “तुम्ही लक्ष ठेवत नाही का?”

किशोर म्हणाला, ठेवीन. कुठून ठेवणार होता ते विचारायचं मॅडमना सुचलं नाही.

पुढच्या मे महिन्यातल्या तपासणीला आचलनं बसमध्ये काडेपेटी दिली. आत दात होता. हा आपोआप पडलेला, वरचा, न किडलेला.

“आमच्या तिथं पत्रा नाही. वर नुसत्या डिशच्या छत्र्या हायेत. मामा म्हने कचऱ्यात टाक. म्या ठेवला.”

“बरं केलं.”

“तुमी फेका. पन थे म्हनून फेकजा. नाही तं उंदराले कसं समजीन कोनाचा हाय?”

दुसऱ्या दिवशी सकाळी किशोर मोटारीच्या खोलीसमोर उभा राहिला. आजूबाजूला कोणी नव्हतं. तरी त्यानं एकदा शेताच्या धुऱ्याकडे पाहून घेतलं. मग हळूच म्हटलं, “उंदीरमामा, आचलचा दात घे.” पुढचं त्यानं मनातच म्हटलं. दात पत्र्यावर पडला, घरंगळला, पन्हाळीत जाऊन थांबला. तो बराच वेळ ऐकत उभा होता. कुत्री येऊन पायाजवळ बसली.

६

*तारीख: २० ऑक्टोबर. दात: खालचा डावा, पक्का. काय केले: ~~पंधरा दिवसांनी काढणे~~ तार काढली. पुढील तारीख: गरज नाही.*

मॅडमनी आरसा आत घातला आणि त्या हसल्या. “अरे वा. आला की.”

देवमनभाऊंनी वाकून पाहिलं. “ज्याची जागा थो आला. उचला आता रुमाल.”

हिरडीतून पांढरं टोक वर आलं होतं, तांदळाच्या दाण्याएवढं. तारेच्या बरोबर खाली.

“आजच काढून टाकू,” मॅडम म्हणाल्या. “पाच मिनिटांचं काम. मग तुमची सुटका. इतक्या लांबून येता.”

किशोरला खुर्चीच्या दांडीवर आचलचा हात दिसत होता. आता तिला अंगठा लागत नव्हता.

“आज नको, मॅडम. तीन मयन्यानं काढू.”

“तीन महिने? का?”

“तिची परीक्षा हाय.”

“परीक्षेचा आणि याचा काय संबंध? दात वर येतोय. तारेला अडला तर तिरपा जाईल. दोन वर्षं सांभाळलं ते कशासाठी?”

मॅडमनी थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं. “पंधरा दिवस. त्यापेक्षा एक दिवस जास्त नाही.” त्यांनी कार्डावर तसं लिहिलं.

पंधरा दिवस म्हणजे अजून एकदा. सहा बस, त्यांतल्या दोन.

स्टँडवर अकोल्याची गाडी लागलेली होती. आचल पायरीवर चढली आणि थांबली. जीभ आत कुठेतरी फिरत होती.

“बाबा, दात येऊन रायला ना?”

“हो.”

“मंग तार काहून नाही काढली?”

“पंधरा दिवसानं काढू.”

“टोचते.”

मागून एक माणूस म्हणाला, “ओ भाऊ, चढा ना, नाही तं उतरा.” आचल उतरली. दोघं पंख्याखालच्या बाकाशी जाऊन उभे राहिले. ती दहा वर्षांची होती, पण बोलताना अजून चपलेचा पट्टा पायाच्या बोटानं ओढायची.

“मले माहीत हाय काहून नाही काढली,” ती म्हणाली. “तार निघाली की तुमी नाही येनार.”

किशोर समोरच्या पाटीवरची गावांची नावं वाचत राहिला. नांदगाव खंडेश्वर. यवतमाळ. कारंजा.

“म्या चिक्की खाल्ली,” ती म्हणाली. “तीन खेपा. डाव्या बाजूनं. पहिल्यांदा निघालीच नाही, मंग च्युइंगगम बी लावलं. मायले नका सांगू.”

त्याला हसू आलं असतं. पण तिचा गाल त्याला आतून दिसत होता: एवढंसं पांढरं टोक, दोन वर्षं जागा मिळावी म्हणून थांबलेलं, आणि आता त्याच्या डोक्यावर बापानं आडवी धरलेली तार.

“चाल,” तो म्हणाला.

“कुठी?”

“मॅडमकडे.”

“तुमी नाही येनार मंग.” ती हलली नाही. “खरं सांगा.”

तिला देण्यासारखं त्याच्याजवळ काहीच नव्हतं, ना तारीख, ना काम. “चाल,” तो पुन्हा म्हणाला, आणि तिचा हात धरला.

मॅडम जेवायला उठल्या होत्या. त्यांनी हात धुतले आणि आचलला खुर्चीत बसवलं. बारीक पकड, एक टक् असा आवाज, आणि कडं बाहेर आलं. आचलनं जीभ फिरवली. पुन्हा फिरवली. ती रडली नाही. मॅडमनी कार्डावरची ओळ खोडली, नवी लिहिली, आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं: गरज नाही.

अकोल्याच्या बसमध्ये आचल खिडकीशी बसली. मूर्तिजापूरला दोघांनी आलूबोंडा घेतला. “आता दोन्हीकडून चाव,” किशोर म्हणाला. तिनं अर्धा त्याला परत दिला.

७

*तारीख: रविवार. दात:*

ही ओळ मॅडमच्या अक्षरात नाही.

दार उत्तमरावांनीच उघडलं. “या जवाई. आज कोनता दात?”

“कोनताच नाही.”

“मंग? काय काम काढलं?”

“काही नाही.” किशोरनं चपला काढल्या. “आलो.”

उत्तमराव टीव्हीसमोर जाऊन बसले. किशोर सोफ्याच्या टोकाशी बसला. आचल आतून आली, त्याला पाहून दारात थबकली, आणि मग वही घेऊन शेजारी येऊन बसली. बराच वेळ तिनं वही उघडलीच नाही.

चहा आला. चहा संपला. पंधरा मिनिटं झाली. पंचवीस झाली. उत्तमरावांनी दोनदा घड्याळाकडे पाहिलं. गुडघ्यावर हात ठेवून किशोर बसून राहिला.

शेवटी चंदा स्वयंपाकघराच्या दारात आली. रविवारी तिचं दुकान बंद असतं. हाताला पीठ होतं.

“दवाखाना तं संपला ना? पोट्टी सांगे.”

“संपला.”

“मंग काही सांगायचं होतं काय?”

“डिसेंबरचं,” किशोर म्हणाला. “तवाचं.”

३

*तारीख: ४ डिसेंबर. काय केले: आले नाहीत.*

भाऊबीज झाल्यावर चंदाचा फोन आला होता: मले न्यायले या. तेवढंच.

तेव्हा बागेत पाणी तोडायचे दिवस होते. संत्र्याला बहार हवा तर झाडाला ताण द्यावा लागतो. पाणी बंद करायचं. झाड सुकतं, पानं पिवळी पडतात, अर्धी गळतात. नवख्या माणसाचा जीव तुटतो. तो रात्रीतून मोटार सुरू करतो आणि सगळा बहार घालवून बसतो. जुना माणूस हात बांधून उभा राहतो. दीड महिन्यानं पाणी सोडलं की आठ-पंधरा दिवसांत झाड पांढऱ्या फुलांनी भरतं. किशोरच्या हाताला हे इतकं बसलं होतं की त्याच्या बागेचा ताण पाहायला लोक वरुडाहून यायचे.

त्यानं चंदालाही ताण दिला.

गेला नाही. फोन केला नाही. राग नव्हता; रोज सकाळी तो फोन हातात घेत असे आणि स्वतःला सांगत असे, अजून नाही, आता दिलं तर वाया जाईल. चार डिसेंबरला दवाखान्याची तारीख आली आणि गेली. पंचेचाळिसाव्या दिवशी त्यानं बागेत पाणी सोडलं. शेहेचाळिसाव्या दिवशी संत्र्यांची पिशवी घेऊन अकोल्याला आला. चंदा दुकानात होती. आचल नव्या शाळेच्या गणवेशात होती. त्यानं पिशवी टीपॉयवर ठेवली. तेव्हा त्यानं यातलं काहीच कोणाला सांगितलं नाही.

माती भारी नसेल तर झाड तितका ताण सोसत नाही. मग फुलं येत नाहीत. फांद्या शेंड्यापासून वाळत जातात. हेही त्याला माहीत होतं.

७ (राहिलेलं)

त्याला हे सांगायला फार वेळ लागला. मधे उत्तमरावांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

चंदा चौकटीला टेकून ऐकत होती. हाताचं पीठ वाळून पांढरं झालं होतं.

“मी झाड हाओ काय?” ती म्हणाली.

“नाही.”

“पंचेचाळीस दिवस फोन उशाशी घेऊन झोपली मी. मले वाटलं, मेली काय त्याइच्यासाठी.” ती त्याच्याकडे पाहत नव्हती, त्याच्या मागच्या भिंतीकडे पाहत होती. “अन् तुमी बहाराची वाट पाहून रायले होते.”

“हो.”

“कोनी असं करते काय?”

आत तव्यावर काहीतरी जळल्याचा वास आला. चंदा वळली आणि गेली. भांड्याचा आवाज झाला. नळ सुरू झाला आणि बराच वेळ सुरूच राहिला.

“झालं?” उत्तमराव म्हणाले, पण नेहमीच्या आवाजात नाही.

किशोरनं उठायला हात गुडघ्यांवर टेकले. आचलनं त्याच्या शर्टाची बाही धरली, सोडली.

तो उठला नाही. नळ बंद झाला. आतून कोणी हाक मारली नाही, जा असंही कोणी म्हणालं नाही. टीव्हीवर कोणीतरी भाजी करून दाखवत होतं. आचलनं वही उघडली आणि कव्हराचा कागद त्याच्यापुढे सरकवला. “इथी धरा,” ती म्हणाली, “हलवू नका.” त्यानं कोपरा बोटांनी दाबून धरला.

दुपार उतरेपर्यंत तिथं आणखी काही घडलं नाही. संध्याकाळी, परतीच्या बसमध्ये, किशोरनं खिशातून कार्ड काढलं, गुडघ्यावर ठेवलं आणि सकाळी अर्धवट लिहिलेली ओळ पूर्ण केली. गाडी हादरत होती, त्यामुळे अक्षर वाकडं आलं आहे.

*तारीख: रविवार. दात: —. काय केले: बसलो. पुढील तारीख: रविवार.*